खाणीत हिरा सापडला, पण पैसे कुणाचे?

पत्र (थोडं छोटं करून):

"ताई, मी ३६ वर्षांचा, कॅनडात मिसिसागाला आयटीत आहे, २०१९ मध्ये पुण्याहून आलो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी आहे. घराच्या डाउन पेमेंटसाठी जमवलेले ३१ हजार डॉलर मी टीएफएसएमधून (नफ्यावर टॅक्स न लागणारं कॅनडातलं बचत खातं) टोरांटोला लिस्टेड असलेल्या एका हिऱ्याच्या खाण कंपनीत टाकले. आमच्या मराठी ग्रुपवर एका मित्राने सुचवलं होतं, त्याचा मेव्हणा मुंबईत बीकेसीच्या हिरे बाजारात आहे, तो म्हणाला नैसर्गिक हिऱ्याचे दिवस परत येणार. पहिल्यांदा ७० सेंटला ७ हजारांचे घेतले, मग भाव पडत गेला तसे आणखी घेऊन अ‍ॅव्हरेज करत गेलो. आता शेअर १६ सेंटला आहे आणि माझे साधारण ९ हजार उरलेत. मागच्या महिन्यात खाणीत एक मोठा खडा सापडल्याची न्यूज आली, एका दिवसात २२ सेंट झाला आणि आठवड्यात परत १६. ग्रुपवर म्हणतायत हाच बॉटम आहे, आणि बुडालेच तर टॅक्समध्ये लॉस दाखवता येतो. माझ्याकडे लाइन ऑफ क्रेडिट (लागेल तेव्हा बँकेकडून उचलता येणारं कर्ज) आहे, त्यातून ८ हजार काढून अ‍ॅव्हरेज खाली आणू का? बायकोला यातलं काहीच माहीत नाही, तिला वाटतंय पैसे सेव्हिंग्जमध्ये आहेत आणि येत्या स्प्रिंगला आपण घरं बघणार. झोप लागत नाही. नाव छापू नका."

उत्तर:

दोन गोष्टी आधीच सांगून टाकते. लाइन ऑफ क्रेडिटमधून एक डॉलरसुद्धा काढायचा नाही. आणि बायकोला सांगायचं, या शनिवार-रविवारीच, स्प्रिंगची वाट बघायची नाही. उरलेल्या ९ हजारांचं काय करायचं ते पुढे लिहिते पण त्याआधी जरा लांबण लावणार आहे, कारण पत्र वाचून मला सारखं वाटत राहिलं की तू नक्की काय विकत घेतलंयस हे तुला कुणी नीट सांगितलेलंच नाही.

तू एका अशा कंपनीचा हिस्सा घेतलायस जिच्याकडे एकच खाण आहे आणि त्या खाणीवर कर्ज आहे. खाण उभी करायला अफाट पैसा लागतो, तो बँका देतात, बाँड घेणारे फंड देतात, कधी सरकारी संस्था देतात, आणि देताना खाण, प्लांट, मशिनरी सगळं गहाण लिहून घेतात. काही जण तर अजून जमिनीतून न निघालेले हिरेच आधी विकत घेऊन ठेवतात, त्याला स्ट्रीमिंग म्हणतात. मग खाणीतून पैसा आला की आधी कामगारांचे पगार, डिझेल, सरकारची रॉयल्टी, मग स्ट्रीमवाले, मग बँक, मग बाँडवाले, आणि या सगळ्यांचं भागून जे उरेल ते शेअरवाल्यांचं. तू शेवटच्या पंगतीला बसलायस आणि वाढपी अजून पहिल्याच पंगतीत आहे. बरं, हे काही लपवलेलं नसतं, कंपनीच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये छापलेलं असतं, फक्त ग्रुपवर ते कुणी टाकत नाही.

पेट्रा डायमंड्सचं उदाहरण घे. लंडनला लिस्टेड कंपनी, दक्षिण आफ्रिकेतली कलिनन खाण त्यांनी २००८ मध्ये डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीकडून घेतली, तीच खाण जिथे १९०५ मध्ये ३,१०६ कॅरेटचा कलिनन हिरा निघाला. म्हणजे खाणीच्या नावात काही कमी नव्हती. विस्तारासाठी कर्ज काढत गेले, शेवटी ६५ कोटी डॉलरचे बाँड डोक्यावर होते. २०१८ मध्ये राइट्स इश्यू आला, म्हणजे आधीच्या शेअरवाल्यांनाच नवे शेअर देऊ केले, ४० पेन्सने शेअर भरा म्हणाले, आणि कितीतरी छोट्या लोकांनी भरले, तू जसं अ‍ॅव्हरेज केलंस अगदी तसंच. तरी कर्ज झेपेना. मार्च २०२१ मध्ये बाँडवाल्यांशी तडजोड झाली तेव्हा शेअर एक-दोन पेन्सला आलेला होता, आणि त्या तडजोडीत वाढलेल्या कंपनीचा ९१ टक्के हिस्सा बाँडवाल्यांना गेला, जुन्या शेअरवाल्यांकडे सगळे मिळून ९ टक्के राहिले.

आता यातला पुढचा भाग नीट वाच कारण तो थेट तुझ्या मोठ्या खड्याबद्दल आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे तडजोडीनंतर महिन्याभरात, कलिनन खाणीत ३९.३४ कॅरेटचा निळा हिरा सापडला आणि जुलैमध्ये तो ४ कोटी डॉलरच्या वर विकला गेला. एका खड्याचे ४ कोटी! ज्याने वर्षानुवर्षं 'एक दिवस मोठा खडा निघेल' म्हणून शेअर धरून ठेवले होते त्याचं म्हणणं शेवटी खरं ठरलं, हिरा निघाला, भावही भारी मिळाला, पण तोवर कंपनीतला त्याचा हिस्सा दहाव्या भागाच्याही खाली गेला होता. पुढे त्याच वर्षी ५० शेअरचा १ केला, म्हणजे ज्याच्याकडे ५ हजार शेअर होते त्याच्याकडे १०० उरले.

तुझ्या जवळचं उदाहरण हवं असेल तर क्विबेकमधली रेनार्ड खाण. स्टॉर्नोवे डायमंड नावाची कंपनी, टोरांटोलाच लिस्टेड. २०१४ मध्ये त्यांनी साधारण ९४.६ कोटी कॅनेडियन डॉलरचं फायनान्सिंग जमवलं, आणि २० टक्के हिऱ्यांवरचा स्ट्रीम खाण सुरू होण्याआधीच विकला होता. २०१७ च्या सुरुवातीला कमर्शियल प्रॉडक्शन सुरू झालं. खाण खरी, हिरे खरे, क्विबेक सरकारची संस्थाही पैसे घालून बसलेली, त्यामुळे लोकांना वाटलं हे बुडणार नाही. पण प्लांटमध्ये हिरे फुटायला लागले, बाजारात छोट्या मालाचे भाव पडले, कॅरेटमागे मिळणारा पैसा अंदाजाच्या खाली राहिला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कोर्टात गेली, सीसीएएखाली, म्हणजे कर्ज न झेपणाऱ्या कंपन्यांसाठीच्या कॅनडाच्या कायद्याखाली. खाण कर्ज देणाऱ्यांनी ताब्यात घेतली आणि पुढे चालूही ठेवली, पण शेअरवाल्यांना काहीही मिळालं नाही, शून्य. 'खाण बंद पडली नाही ना, मग शेअर कसा शून्य होईल' असं तुझ्या ग्रुपवर कुणीतरी नक्की म्हणत असेल, त्याला हे सांग. आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तर ती खाणही थांबली.

मोठा खडा सापडल्यावर शेअर उडतो आणि परत का पडतो, तर तो खडा विकायला वेळ लागतो आणि किंमत कुणालाच आधी माहीत नसते. लुकारा ही पण टोरांटोला लिस्टेड कंपनी, बोट्सवानात तिची करोवे खाण आहे, आणि मोठ्या खड्यांसाठी जगात तिच्यासारखी खाण क्वचितच असेल. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे १,१०९ कॅरेटचा लेसेदी ला रोना निघाला. पुढच्या जूनमध्ये लंडनला सदबीजकडे लिलाव ठेवला, बोली ६.१ कोटी डॉलरवर थांबली, रिझर्व्ह प्राइस, म्हणजे आधी ठरवलेली किमान किंमत, गाठली नाही, हिरा विकलाच गेला नाही. शेवटी सप्टेंबर २०१७ मध्ये ५.३ कोटीला गेला, म्हणजे सापडल्यापासून जवळजवळ दोन वर्षांनी आणि नाकारलेल्या बोलीपेक्षा कमी भावात. ऑगस्ट २०२४ मध्ये तर त्याच खाणीत २,४९२ कॅरेटचा निघाला, कलिनननंतरचा सगळ्यात मोठा, बोट्सवानाच्या राष्ट्राध्यक्षांनी तो हातात घेतलेले फोटो जगभर गेले. त्याच खाणीला जमिनीखाली खोल न्यायचा प्रोजेक्ट मात्र २०२३ च्या अंदाजानेच ६८ कोटी डॉलरच्या घरातला होता. असा एखादा खडा वर्षाचा तोटा भरून काढू शकतो, पण एवढा प्रोजेक्ट आणि त्याचं कर्ज तो एकटा फेडू शकत नाही. आणि ही जगातल्या उत्तम खाणींपैकी एकीची गोष्ट, तुझ्या कंपनीच्या खाणीबद्दल तर तू एकाच मोठ्या खड्याची न्यूज लिहिलीयस.

आणखी एक अडचण अशी की हिऱ्याला सोन्यासारखा रोजचा भाव नसतो. सोन्याच्या खाणीचा शेअर घेतलास तर संध्याकाळी सोन्याचा भाव बघून अंदाज तरी करता येतो. इथे रफचे, म्हणजे कच्च्या हिऱ्यांचे, पार्सल बनतात, टेंडर निघतं, खरेदीदार येऊन भिंगाखाली बघतात, बोली लावतात, आणि सरासरी किती मिळाले ते आपल्याला कंपनी सांगेल तेव्हाच कळतं. दोन खाणींचे कॅरेट सारखे असले तरी एकीच्या कॅरेटला ८० डॉलर मिळतात आणि दुसरीच्या कॅरेटला हजाराच्या वर. त्यामुळे 'या तिमाहीत इतके लाख कॅरेट काढले' या हेडलाइनवरून काहीच कळत नाही, टनामागे किती डॉलर आले आणि टनामागे किती खर्च झाले हे बघावं लागतं.

आता मेव्हण्याबद्दल. तो खोटं बोलतोय असं मी अजिबात म्हणत नाही, बीकेसीत बसलेल्या माणसाला तयार मालाची नस कळते, जगातले बहुतेक हिरे सुरतेला पैलू पडूनच पुढे जातात, तेव्हा त्याच्या शब्दाला त्याच्या धंद्यात वजन आहेच. पण तयार मालाला गिऱ्हाईक आहे की नाही हे कळणं वेगळं आणि टोरांटोच्या एका कंपनीचं कर्ज कधी फेडायचंय हे कळणं वेगळं, दुसरं त्याने बघितलं असेल असं मला वाटत नाही. आणि त्याच्या धंद्याचीही अवस्था बघ ना, २०२३ च्या शेवटी भारतातल्या व्यापाऱ्यांनी आपणहून दोन महिने रफ आयात थांबवली होती इतका माल साचला होता, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावला, चीनमधली मागणी आटली, आणि लॅबमध्ये बनवलेला हिरा इतका स्वस्त झाला की २०१८ मध्ये डी बिअर्सने ८०० डॉलर कॅरेटने सुरू केलेला स्वतःचा लॅब हिऱ्याचा ब्रँड २०२५ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मालक कंपनी अँग्लो अमेरिकनने डी बिअर्सची किंमत आपल्या पुस्तकात २९० कोटी डॉलरनी कमी केली. दिवस परत येतीलही, मी नाही म्हणत नाही. पण दिवस परत येईपर्यंत डी बिअर्स टिकेल, तुझी एक खाणवाली कर्जबाजारी कंपनी टिकेल का, आणि टिकली तरी तिचे शेअर तुझ्याच हातात राहतील का, हा खरा प्रश्न आहे.

हे सगळं वाचून तू म्हणशील की मग लोकांनी यात पैसे कमावले ते कसे. कमावलेत ना. नोव्हेंबर १९९१ मध्ये डाया मेट नावाच्या छोट्या कंपनीने जाहीर केलं की कॅनडाच्या उत्तरेकडच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये ५९ किलोच्या नमुन्यात ८१ बारीक हिरे मिळाले, आणि डॉलरच्याही आतला तो शेअर पुढे कित्येक पटींनी चढला, तीच जागा १९९८ मध्ये एकाटी म्हणून कॅनडाची पहिली हिऱ्याची खाण झाली. पण त्याच टेरिटरीजमधल्या त्ली क्वी चो नावाच्या जागेवर तेव्हा व्हँकुव्हर-टोरांटोच्या हजारो लोकांनी पैसे लावले होते, ऑगस्ट १९९४ मध्ये तिथल्या मोठ्या नमुन्याचे निकाल वाईट आले आणि एका झटक्यात त्या कंपन्यांचे शेअर कोसळले. जे कमावून गेले ते खाण सापडण्याआधी, कर्ज यायच्या आधी शिरले होते. तू शिरलास ते उलट्या टोकाला, खाण बनून, कर्ज होऊन, बाजार पडल्यावर. ती १९९१ ची गोष्ट तुझ्या शेअरला लागू होत नाही.

अ‍ॅव्हरेजचा हिशोब मांडू या. १६ सेंटच्या भावाने तुझ्याकडे साधारण ५६ हजार शेअर आहेत आणि सरासरी ५५ सेंट पडलीय. ८ हजार कर्जाने आणखी ५० हजार घेतलेस तर सरासरी ३७ सेंटांवर येईल. मनाला बरं वाटेल, पण मुद्दल परत यायला शेअर दुपटीपेक्षा जास्त चढावा लागेल, आणि तोवर कर्जाचं व्याज दर महिन्याला जात राहील. टीएफएसएत टाकायला घेतलेल्या कर्जाचं व्याज टॅक्समध्ये वजाही होत नाही. आणि चढलाच तर कंपनी काय करेल माहितीय? प्रायव्हेट प्लेसमेंट. भाव जरा वर आला की नवे शेअर काढून पैसा उभा करतील, सोबत वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाने आणखी शेअर घ्यायचा हक्क) देतील, कारण त्यांना पैशाची गरज आहे आणि चढता भाव हीच त्यांची संधी असते. म्हणून सेडार प्लसवर, म्हणजे कॅनडातल्या लिस्टेड कंपन्यांचे रिपोर्ट असतात त्या साइटवर, जाऊन त्यांचा शेवटचा तिमाही रिपोर्ट उघड, फुकट आहे, अर्धा तास लागेल. कर्ज कुठल्या महिन्यात फेडायचंय ते बघ, तीन वर्षांपूर्वी एकूण शेअर किती होते आणि आज किती आहेत ते बघ, आणि 'गोइंग कन्सर्न' हे शब्द सर्च कर. त्याच्या आजूबाजूला कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल शंका आहे अशा अर्थाची वाक्यं दिसली तर ती कंपनीने स्वतः लिहिलेली असतात हे लक्षात ठेव, ती कुणा टीकाकाराची नसतात.

लॉस टॅक्समध्ये दाखवता येतो हे ग्रुपवर ज्याने लिहिलं त्याने तुझं खातं कुठलं ते विचारलंच नसणार. मी टॅक्सचंच काम करते त्यामुळे हे ठामपणे सांगते, टीएफएसएमधला लॉस कुठेच दाखवता येत नाही. साध्या खात्यात असता तर तो दुसऱ्या शेअरच्या नफ्यातून वजा झाला असता. आणि नुसता पैसा नाही गेला, तेवढी टीएफएसएची जागाही गेली, कारण बाहेर काढशील तेवढीच रक्कम पुढच्या १ जानेवारीला परत जागा म्हणून मिळते. ३१ हजार टाकून ९ हजार काढलेस तर जागा ९ हजारांचीच परत येणार.

मग ९ हजारांचं काय? माझं मत, विकून टाक, सगळे. त्याचं कारण शेअर आणखी पडेल हे नाही, ते मला कळत नाही आणि तुझ्या ग्रुपलाही नाही. कारण इतकंच की हे घराचे पैसे आहेत, ते तुला वर्षाच्या आत लागणार आहेत, आणि वर्षाच्या आत लागणारे पैसे अशा शेअरमध्ये ठेवायचेच नसतात, तो चढो नाहीतर पडो. अगदीच जीव गुंतला असेल तर हजार डॉलरचे ठेव, पण ते बायकोला सांगून. विकताना मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाने विका) टाकू नकोस, एवढ्या पातळ व्हॉल्यूमच्या शेअरला अर्ध्या सेंटाचा फरकसुद्धा ३ टक्के होतो, लिमिट ऑर्डर (या भावाच्या खाली विकू नका) टाक आणि दोन-तीन दिवसांत तुकड्यांनी विक.

आणि यात एक गोष्ट तुझ्या हातात आहे जी ग्रुपवर कुणी बोललेलं नाही, म्हणून मी ती मुद्दाम लिहितेय. तुझं एफएचएसए, म्हणजे पहिल्या घरासाठीचं बचत खातं, नसेल आणि पहिलंच घर घेत असाल तर ते उघड. वर्षाला ८ हजार टाकता येतात, एकूण ४० हजारांपर्यंत, आणि टाकलेले पैसे उत्पन्नातून वजा होतात. शेअर विकून आलेल्यातले ८ हजार टीएफएसएमधून काढून तिकडे टाकलेस आणि तुझ्या वरच्या स्लॅबला ३० टक्क्यांच्या आसपास टॅक्स असेल तर साधारण २,४०० डॉलर वाचतात. ते तुझ्या शेअरच्या हिशोबात १६ सेंटवरून २० सेंटच्या वर गेल्यासारखं आहे, आणि त्यासाठी कुठल्या खाणीत काही सापडावं लागत नाही. घर घेताना काढलेस तर त्यावर टॅक्सही नाही. बायकोही पात्र असेल तर तिच्या नावावर वेगळं खातं, वेगळे ८ हजार. फक्त ते पैसे जीआयसी (बँकेची मुदत ठेव) नाहीतर सेव्हिंग्जमध्ये ठेवायचे, तिथे शेअर नाही घ्यायचे, कृपा करून.

बायकोशी बोलायचं तर सगळा आकडा एका दमात सांग. ३१ हजार होते, ९ उरलेत, लाइन ऑफ क्रेडिट वापरलेली नाही. 'थोडा लॉस झालाय' ने सुरुवात केलीस तर ती विचारेल थोडा म्हणजे किती, मग एकेक आकडा बाहेर येईल आणि तिचा विश्वास २२ हजारांपेक्षा त्या अर्धवट सांगण्याने जास्त जाईल. ती चिडेल, रडेलही कदाचित, ते तिचे पण पैसे होते. लगेच समजून घे असं म्हणू नकोस, आणि मेव्हण्याचं नाव पुढे करू नकोस, खरेदी तू केलीस. तिला ब्रोकरचं अकाउंट उघडून दाखव, सगळे व्यवहार दाखव, लॉगिन तिलाही दे. घर एखाद-दोन वर्षं पुढे जाईल, मिसिसागात भाड्याने राहून मुलीची शाळा नीट चालू आहे ना, मग ते निभावेल. झोप बऱ्याच अंशी त्या लपवण्यामुळे गेलीय असं मला तुझं पत्र वाचून वाटतं, पण आठवडाभर बोलूनही नाही आली तर फॅमिली डॉक्टरला भेट, यात लाजायचं काही नाही.

ग्रुपवर भांडायला जाऊ नकोस. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे पैसे त्याच शेअरमध्ये अडकलेत, त्यांना पण कुणीतरी 'हाच बॉटम' म्हणावं असं वाटतंय, म्हणून ते एकमेकांना म्हणतायत. टीएफएसए आणि एफएचएसएचं जे वर लिहिलंय तेवढं तिकडे टाक, कुणाच्या तरी उपयोगी पडेल, आणि मग तो ग्रुप म्यूट कर. शनिवारी बायकोशी बोल, रविवारी दोघं मिळून तो तिमाही रिपोर्ट वाचा, आणि सोमवारी मार्केट साडेनऊला उघडतं, पहिली लिमिट ऑर्डर टाकताना ती सोबत असू दे.